पुन्हा मोटारसायकलीवर बसण्यापूर्वी

मुलगी नोकरीला लागते, मुलगा शिकायला परगावी जातो, घराचे हप्ते फिटत येतात आणि एके दिवशी घरच्या कर्त्या माणसाची नजर रस्त्यावरून डुगडुगत जाणाऱ्या बुलेटमागे लांबपर्यंत जाते. रात्री जेवताना तो सहज बोलल्यासारखे बोलतो, "एखादी मोटारसायकल घ्यावी म्हणतो." मुले हसतात. पत्नी आमटी वाढता वाढता विचारते, "आता? या वयात?"

आज अनेक घरांत हा संवाद होतो आहे. ज्यांनी ऐंशी-नव्वदच्या दशकांत राजदूत, येझदी, यामाहा आरएक्स १०० किंवा हीरो होंडा सीडी १०० दामटली, ती पिढी आता पंचेचाळीस ते साठीच्या घरात आहे. लग्न झाले, मुले झाली, मोटार आली आणि मोटारसायकल एक तर विकली गेली किंवा जिन्याखाली धूळ खात पडली. आता हाती थोडा पैसा आहे, थोडा वेळ आहे आणि बाजारात लांबच्या प्रवासाला योग्य अशा गाड्यांची रांग उभी आहे. जुनी हौस उफाळून येणे अगदी स्वाभाविक आहे.

पण पत्नीचा प्रश्नही हसण्यावारी नेण्यासारखा नाही. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ७४,८९७, म्हणजे शेकडा ४४ हून अधिक, दुचाकीवर होती. या आकड्यांकडे डोळेझाक करून कोणी शोरूमची पायरी चढू नये, तसेच केवळ त्यांना भिऊन हौसेवर पाणीही सोडू नये. "या वयात?" या प्रश्नाचे खरे उत्तर "का नाही?" असे तडकाफडकी देता येत नाही. ते तयारीने द्यावे लागते.

हातापायांची जुनी सवय

पोहणे आणि सायकल माणूस कधी विसरत नाही, असे म्हणतात. मोटारसायकलीच्या बाबतीत धोका नेमका इथेच आहे. हात-पाय विसरत नाहीत, पण त्यांना आठवते ती जुनी गाडी.

पूर्वीच्या बुलेटला गिअर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला असे. १९५५ पासून मद्रासला तयार होऊ लागलेली ही गाडी पुढे कित्येक दशके तशीच राहिली. येझदीची तर किकच पुढे वळवून गिअरचा दांडा होत असे. सीडी १०० च्या वंशातल्या गाड्यांचे चारही गिअर एकाच दिशेने खाली दाबून पडत. आजच्या लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्यांत गिअर डाव्या पायाला असतो. पहिला खाली, बाकीचे वर. ब्रेक उजव्या पायाला असतो. ज्याने दहा वर्षे जुनी बुलेट चालवली, त्याचा पाय समोर अचानक म्हैस आली की कोणता दांडा दाबेल? मोकळ्या रस्त्यावर नवी रीत लगेच जमते. घाबरल्याक्षणी मात्र पाय जुन्याच जागी जातो. म्हणून नवी सवय अंगात मुरेपर्यंत गर्दीत जाऊ नये.

दुसरी सवय ब्रेकची. जुन्या गाड्यांचे पुढचे ड्रम ब्रेक असे-तसेच असत, शिवाय "पुढचा दाबलास तर तोंडावर पडशील" हे वाक्य ऐकतच सगळे गाडी शिकले. त्यामुळे त्या पिढीची सारी भिस्त मागच्या ब्रेकवर. वस्तुस्थिती अशी, की ब्रेक दाबताच गाडीचे वजन पुढच्या चाकावर झुकते आणि थांबवण्याचे बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो. मागचे चाक हलके होते आणि ते जोरात आवळले तर घसरते. आता परिस्थिती बरीच सुधारली आहे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले. यात चाक आवळून बंद पडू लागले, की यंत्रणा क्षणात ब्रेक सोडते आणि पुन्हा धरते; चाक फिरत राहते आणि गाडी घसरत नाही. पण एबीएसचा उपयोग ब्रेक निर्धास्तपणे दाबणाऱ्यालाच होतो. पुढचा ब्रेक आधी हलका आणि मग वाढत्या जोराने दाबण्याचा सराव मोकळ्या मैदानात करावा.

तिसरी गोष्ट वळणाची. तरुणपणी सगळे जण ती न कळत करत, आता ती समजून करावी. सायकलच्या वेगाच्या वर गेले, की गाडी हँडल फिरवून वळत नाही. ती कलून वळते. डावीकडे जायचे असेल तर हँडलची डावी मूठ हलकेच पुढे ढकलावी, गाडी डावीकडे झुकते आणि वळते. ऐकायला हे उलटे वाटते, परंतु घाटात वळण अचानक आवळले गेले तर हेच कामी येते. नजर मात्र जिथे जायचे आहे तिथे असावी. दरीकडे पाहणाऱ्याची गाडी दरीकडेच ओढ घेते.

शरीराचा हिशेब

चाळिशी उलटली, की जवळचे धूसर दिसू लागते, हे सगळ्यांना ठाऊक असते. त्याहून महत्त्वाचा बदल लक्षात येत नाही. उजेडातून अंधारात गेल्यावर डोळ्यांना सरावायला आता अधिक वेळ लागतो आणि समोरच्या ट्रकचा झोत डोळ्यांवर आला की काही क्षण रस्ता नाहीसा होतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. ताशी ९० ला २५ मीटर. म्हणजे डोळे दिपल्यावर दोन सेकंद गेले, तर ५० मीटर रस्ता आंधळेपणाने कापला जातो. त्यात वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतरचे अंतर दुप्पट होत नाही, जवळजवळ चौपट होते. सूर्यास्तानंतर गाडी न चालवणे, हा या वयाचा पहिला नियम. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लांबचा बेत आखू नये.

कंबर, मान आणि मनगटे यांचाही विचार हवा. क्लच दाबून दाबून अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. पुढे वाकून बसायच्या गाडीवर शरीराचा भार मनगटांवर येतो. तासन्‌तास अंगावर येणारा वारा छातीला ढकलत राहतो, शिरस्त्राणात घुमणारा त्याचा आवाज डोके शिणवतो आणि घाम वाळत गेल्याने तहान लागल्याचे कळतच नाही. तरुणपणी एका दमात पुणे-कोल्हापूर गाठणाऱ्याने आता दर ८०-१०० किलोमीटरला उतरावे, पाणी प्यावे, पाय मोकळे करावेत. त्यात कमीपणा काही नाही.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी जेवणाची वेळ चुकवू नये. साखर उतरली की हात थरथरतात, लक्ष विचलित होते, आणि दोन चाकांवर त्याची शिक्षा फार मोठी असते. बिस्किटे, गूळ किंवा ग्लुकोजच्या गोळ्या बॅगेत नकोत, जॅकेटच्या वरच्या खिशात हव्यात. रक्तदाबाच्या, ॲलर्जीच्या किंवा झोपेच्या औषधांनी गुंगी येते का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारून घ्यावे.

आधी कागदपत्रे

अनेकांना शोरूममध्ये गेल्यावर कळते, की आपला परवाना केव्हाच संपला आहे. जुन्या कायद्यानुसार खासगी वाहनाचा परवाना वीस वर्षे किंवा वयाची पन्नास वर्षे, यांपैकी जे आधी येईल तिथपर्यंतच चालत असे. त्यामुळे नेमक्या पन्नाशीत तो संपतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पन्नास ते पंचावन्नदरम्यान नूतनीकरण केल्यास तो साठीपर्यंत आणि त्यानंतर पाच-पाच वर्षांसाठी मिळतो. मुदत संपून एक वर्ष उलटले असेल तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. चाळिशीनंतर डॉक्टरांचा नमुना १-अ हा दाखलाही लागतो. परवान्यावर गिअरच्या मोटारसायकलीची नोंद आहे का, तेही पाहावे. पुष्कळांच्या परवान्यावर फक्त मोटारीचीच नोंद असते.

विमा म्हणजे केवळ पोलिसाला दाखवण्याचा कागद नव्हे. परवाना नसताना अपघात झाला तर नुकसानभरपाई अडते. गाडीच्या मालकासाठी १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते. पूर्वीपासून तेवढ्या रकमेची वेगळी अपघात पॉलिसी असेल तर ते पुन्हा घ्यावे लागत नाही. नसेल तर चार पैसे वाचवण्यासाठी ते टाळू नये. पॉलिसी कुठे ठेवली आहे आणि तिच्यावर वारस म्हणून कोणाचे नाव आहे, हे घरात दोघांनाही माहीत असावे.

गाडी कोणती?

हा प्रश्न मित्रमंडळींना विचारला तर दहा जण दहा उत्तरे देतात, आणि प्रत्येक जण स्वतःचीच गाडी सुचवतो. त्याऐवजी काही साध्या कसोट्या लावाव्यात. गाडी घ्यायची ती आज जे शरीर आहे त्याच्यासाठी. कपाटातल्या जुन्या फोटोतल्या पोरासाठी नव्हे.

पहिली कसोटी बैठकीच्या उंचीची. गाडीवर बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे तरी जमिनीवर भक्कम टेकले पाहिजेत. मोटारसायकल चालताना जितक्या वेळा पडते, त्याहून अधिक वेळा उभ्याउभ्या पडते. चढावर थांबताना, वाळूत वळवताना, पेट्रोल पंपावर. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० सुमारे ८०५ मिलिमीटर उंच आहे, होंडाची सीबी ३५० जवळपास ८००, तर मिटिऑर ३५० फक्त ७६५. बजाजची ॲव्हेंजर २२० त्याहून ठेंगणी, ७३७ मिलिमीटर. उलट खडबडीत रस्त्यांसाठी बनवलेल्या गाड्या उंच असतात. हिमालयन ४५० ची बैठक ८२५ पासून सुरू होते, केटीएमची ३९० ॲडव्हेंचर २०२० साली आली तेव्हा ८५५ होती. साडेपाच फुटांच्या आतल्या माणसाला अशा गाडीवर एकाच पायाच्या अंगठ्यावर तोल सावरावा लागतो. केवळ कागदावरच्या आकड्यांवरही विसंबू नये, कारण रुंद बैठक पाय फाकवते आणि अरुंद बैठक ते सरळ खाली जाऊ देते. नेहमीचे बूट घालून शोरूममध्ये जावे आणि बसून पाहावे.

दुसरी कसोटी वजनाची. क्लासिक ३५० सुमारे १९५ किलोंची, मिटिऑर १९१ ची, होंडा १८१ ची. आरएक्स १०० चालवलेल्या माणसाच्या हाताला हा भार अनोळखी असतो. विक्रेत्याला विनंती करून गाडी साइड स्टँडवरून सरळ करावी, इंजिन बंद ठेवून दहा पावले पुढे आणि दहा पावले मागे ढकलावी. धाप लागली, कंबरेत उसण भरली, तर तिची जाहिरात कितीही देखणी असली तरी ती आपली गाडी नव्हे. चालवणारा ७५ किलोंचा, मागे बसणारी ६० किलोंची आणि सामान १५ किलोंचे धरले, तर क्लासिक ३५० घाटात ३४५ किलोंचे ओझे होते. हे सगळे दोन पायांच्या तोलावर आहे, याची जाणीव ठेवावी.

तिसरी कसोटी इंजिनाची. मोठे इंजिन म्हणजे खरा प्रवास, अशी एक समजूत आहे. ती तपासून पाहावी. अमेरिकन लेखक रॉबर्ट पर्सिग यांनी १९६८ साली आपल्या ११ वर्षांच्या मुलाला मागे बसवून मिनेसोटापासून कॅलिफोर्नियापर्यंत प्रवास केला. त्याच प्रवासातून त्यांचे जगभर गाजलेले 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' हे पुस्तक जन्मले. तेव्हा ते ३९ वर्षांचे होते आणि त्यांची होंडा होती अवघी ३०५ सीसीची. ब्रिटिश पत्रकार टेड सायमन १९७३ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, ५०० सीसीच्या ट्रायम्फवर जगप्रवासाला निघाले आणि चार वर्षांनी परतले; त्या फेरीत ते भारतातही आले होते. २००१ साली, सत्तरीला टेकलेले असताना, ते पुन्हा निघाले. प्रवास लांबतो तो माणसाच्या चिकाटीने. इंजिन त्याला केवळ हातभार लावते.

आपल्याकडचे रस्तेही याच बाजूने साक्ष देतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारसायकलींना मज्जाव आहे. समृद्धी महामार्गावर आणि अटल सेतूवरही. मोटारसायकलस्वाराच्या वाट्याला येतो तो जुना खंडाळ्याचा रस्ता, ताम्हिणी घाट, आंबा घाट किंवा कोकणचा किनारा. दाभोळ-धोपावे नाहीतर जयगड-तवसाळ फेरीबोटीत गाडी चढवून करायचा प्रवास. इथे ताशी चाळीस ते साठ हाच वेग असतो आणि गंमतही त्यातच असते. त्यासाठी २०० ते ३५० सीसीची गाडी भरपूर आहे. महामार्गावर ताशी ८०-९० ने ती दोघांना निवांत नेते.

खर्चाचाही फरक आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तर त्यावरील गाड्यांवर तो ४० टक्के झाला. म्हणजे ३५० ची रेषा ओलांडली की किंमत एकदम उडी मारते. ६५० सीसीच्या जुळ्या सिलिंडरच्या गाड्या उत्तम आहेत, पण २०० किलोंहून जड आहेत. दोन वर्षे लहान गाडीवर हात बसल्यावर त्यांचा विचार करायला कोणाची हरकत नसावी.

चौथी कसोटी मागच्या बैठकीची, आणि तिचा निकाल मागे बसणाऱ्या व्यक्तीनेच द्यावा. पुष्कळ देखण्या गाड्यांची मागची गादी पोळपाटाएवढी असते आणि फूटरेस्ट इतके वर, की गुडघे छातीशी येतात. चाचणीला पत्नीला बरोबर न्यावे, किमान वीस मिनिटे फिरवावे. धरायला दांडा आहे का, मागच्या चाकाला साडीगार्ड आहे का, हे पाहावे. पदर, ओढणी किंवा रेनकोटचा पट्टा चाकात गुंतून झालेले अपघात काही थोडे नाहीत.

पाचवी कसोटी पंक्चर आणि दुरुस्तीची. आरीच्या चाकांत बहुधा ट्यूब असते. रानात पंक्चर झाले तर चाक खोलावे लागते. मिश्रधातूच्या चाकांत ट्यूबलेस टायर असतात; खिळा उपटून रबरी वात भरली आणि छोट्या पंपाने हवा मारली, की पंधरा मिनिटांत गाडी रस्त्याला लागते. पन्नाशीनंतर हा फरक दिसायच्या देखणेपणाहून मोठा आहे. सेवाकेंद्र आपल्या गावात नसेल तर सर्वांत जवळचे किती लांब आहे, तेही आधीच विचारावे.

एवढे करूनही मन ठरत नसेल तर गाडी भाड्याने घ्यावी. गोव्यात आणि अनेक मोठ्या शहरांत अधिकृतपणे भाड्याने मोटारसायकली मिळतात. दोन दिवस, दोनशे किलोमीटर चालवून पाहिली, की शोरूमची दहा मिनिटांची फेरी जे सांगत नाही ते कंबर सांगते. दोन-अडीच लाख रुपये घालण्यापूर्वी दोन-तीन हजारांत मिळालेले हे शहाणपण स्वस्तच म्हणायचे.

जिन्याखालची जुनी गाडी

काहींच्या घरी जुनी गाडी अजून आहे आणि तिच्यावर जीवही आहे. ती दुरुस्त करावी का? प्रेमापोटी अवश्य करावी, गावात फिरवावी. मात्र नोंदणीला पंधरा वर्षे उलटली असतील तर आरटीओत तिचे नूतनीकरण करावे लागते. अनेक वर्षे उभ्या गाडीचे टायर वरून धड दिसले तरी रबर कडक झालेले असते, ब्रेकचे अस्तर चिकटलेले असते आणि कार्बोरेटरमध्ये पेट्रोलचा राळेसारखा थर बसलेला असतो. शिवाय आता देशभर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते; जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि वॉशर त्यासाठी बनलेले नव्हते, ते तपासून बदलावेत. हे सारे केले तरी त्या गाडीचे ब्रेक आणि दिवा आजच्या महामार्गासाठी अपुरेच पडतात. लांबच्या प्रवासाला तिच्यावर जाऊ नये.

अंगावर काय असावे?

गाडीसाठी जेवढे पैसे बाजूला काढले असतील, त्यांतले निदान पंधरा-वीस हजार स्वतःच्या अंगासाठी आधीच वेगळे ठेवावेत. २०२२ साली हेल्मेट न घातल्याने प्राण गमावलेल्यांची सरकारी नोंद ५०,०२९ इतकी आहे. त्यांत १४ हजारांहून अधिक जण मागे बसलेले होते. म्हणून हेल्मेट दोन घ्यावीत, दोन्ही पूर्ण चेहरा झाकणारी, आयएसआय चिन्हाची. नवे हेल्मेट डोक्यावर घट्ट हवे. गाल किंचित दाबले जावेत आणि मान हलवली तर ते डोक्याबरोबर हलावे. चष्मा लावणाऱ्यांनी चष्म्यासकट घालून पाहावे. एकदा आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी आतून निकामी झालेले असते; ते टाकून द्यावे.

खांदे, कोपरे आणि पाठ यांना पट्ट्या असलेले जॅकेट, हातमोजे, गुडघ्यांना संरक्षण आणि घोटा झाकणारे बूट, एवढे हवेच. माणूस पडताना आधी हात टेकतो, त्यामुळे तळहाताची कातडी सर्वांत आधी सोलली जाते. तरुणपणी खरचटलेले आठवड्यात भरून येई. पन्नाशीत मोडलेले मनगट महिनोन्‌महिने घर बसवते, आणि घर बसल्यावर सेवा कोणाला करावी लागते, हे सांगायला नकोच.

पहिले तीन महिने

गाडी दारात आली की पहिल्याच रविवारी महाबळेश्वर गाठायचा मोह होतो. तो आवरावा. पहिले दोन आठवडे पहाटे, रिकाम्या रस्त्यावर, एकट्याने चालवावी. मैदानात ब्रेक, आठ आकडा आणि चालण्याच्या वेगाने सरळ रेषेत जाणे, यांचा सराव करावा. मग गर्दीचे रस्ते, मग पन्नास किलोमीटरची फेरी. पत्नीला मागे बसवायचे ते एक हजार किलोमीटर पूर्ण झाल्यावर.

पहिला मुक्कामी प्रवास दीडशे किलोमीटरच्या आत ठेवावा. इंदूरचे वाचक महेश्वरला जाऊ शकतील, बडोद्याचे पावागडला, बेळगावचे चोर्ला घाटाने गोव्याला. दिवसाला दोनशे-अडीचशे किलोमीटर हे या वयाला पुरेसे अंतर आहे. पहिल्या पावसाच्या सरीत जायचे टाळावे, कारण रस्त्यावरचे तेल आणि धूळ भिजून तेव्हाच सर्वाधिक निसरडे होते. तरुण मुलांच्या जथ्याबरोबर निघालात तर त्यांच्या वेगाने जायची सक्ती नसते. भेटीची जागा आधी ठरवावी आणि आपल्या चालीने पोहोचावे.

लडाख हे अनेकांचे स्वप्न असते. ते जरूर पाहावे, पण पहिल्या वर्षी नव्हे. लेह समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे आणि तिथून पुढच्या खिंडी पाच हजार मीटरच्याही वर जातात. तिथे विरळ हवेचा त्रास तंदुरुस्त तरुणालाही होतो. हृदयाची तपासणी करून, लेहमध्ये किमान दोन दिवस विश्रांती घेऊन, मगच पुढे जावे. डोके दुखणे, मळमळ, धाप ही लक्षणे वाढू लागली तर जिद्द बाजूला ठेवून खाली उतरावे.

हौस फक्त पुरुषांचीच नाही

१९७२ साली पुण्यात लूना आली आणि पुढच्या वीस वर्षांत कितीतरी बायकांनी त्या छोट्या गाडीवर नोकरी केली, भाजी आणली, मुलांना शाळेत सोडले. त्यांच्यापैकी अनेकींना मोटारसायकल शिकायची होती, पण तेव्हा कोणी शिकवली नाही. कमी उंचीच्या, बटनाने सुरू होणाऱ्या गाड्यांमुळे आज ते अवघड राहिलेले नाही. "तुझ्या मागे बसायला भीती वाटते" असे म्हणणाऱ्या पत्नीला एखाद्या प्रशिक्षकाकडे शिकायला पाठवले, तर ती भीती कमी होण्याची शक्यता अधिक. निदान ब्रेक कसा लागतो आणि वळणावर आपण चालवणाऱ्याबरोबर का झुकायचे, हे तिला कळते.

घरच्यांशी बोलताना

सर्वांत अवघड टप्पा शोरूममध्ये नसतो, घरात असतो. काही जण गुपचूप नोंदणी करतात आणि गाडी दारात उभी करून "आता घेतलीच आहे" म्हणतात. तो आनंद फार टिकत नाही. ज्या घरातून निघताना रोज कोणाचा तरी जीव टांगणीला लागतो, त्या घरात परतणाऱ्यालाही अपराध्यासारखे वाटत राहते.

त्यापेक्षा एका सुटीच्या दिवशी दोघांनी कागद घेऊन बसावे. गाडीवर, कपड्यांवर, विम्यावर किती खर्च होईल, तो कोणत्या पैशांतून होईल, मुलांच्या शिक्षणाच्या किंवा आजारपणाच्या ठेवीला हात लागणार नाही ना, हे लिहावे. मग अटी ठरवाव्यात: अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही, एकट्याने दूर जायचे नाही, मुक्कामी पोहोचताच फोन करायचा, एक घोटही घेतला असेल तर किल्लीला हात लावायचा नाही. गाडीवर असताना फोन उचलायचा नाही, हेही लिहावे, म्हणजे फोन लागला नाही तर घरचे घाबरणार नाहीत. या अटी दुसऱ्याने घातल्या तर जाच वाटतात. स्वतः लिहून दिल्या तर वचन ठरतात.

आणि एवढे करूनही पत्नी "नको" म्हणाली तर? तिचे कारण नीट ऐकावे. कदाचित तिने भाऊ गमावला असेल, कदाचित शेजारच्या घरातला आक्रोश तिच्या कानांतून गेला नसेल. अशा भीतीला आकड्यांनी उत्तर देता येत नाही. वर्षभर थांबून, भाड्याच्या गाडीवर सावकाश फिरून, ठरलेल्या वेळी घरी परतून ते द्यावे लागते. वेळेवर वाजलेली दाराची घंटा पुष्कळदा वादापेक्षा अधिक काम करते.

तरुणपणी मोटारसायकल कुठेतरी लवकर पोहोचण्यासाठी असते. मध्यमवयात तशी घाई उरत नाही. घाटात थांबून करवंदे विकत घेता येतात, टपरीवरचा चहा दोनदा पिता येतो, फेरीबोटीच्या कठड्याला टेकून खाडीचे पाणी पाहता येते. गाडी आपल्या उंचीची, वेग आपल्या डोळ्यांना झेपेल इतका आणि निघण्यापूर्वी घरच्यांचा होकार, एवढे जुळले तर पन्नाशीतली मोटारसायकल तरुणपणीच्या मोटारसायकलीहून अधिक गोड लागते. आणि संध्याकाळचे दिवे लागण्यापूर्वी ती आपल्या फाटकात उभी असली, म्हणजे पुढच्या रविवारच्या प्रवासाला घरातून कोणाचीच हरकत नसते.